न उठणारा फ्लिपर

1947 साली शिकागोच्या गॉटलिब कंपनीने 'हम्प्टी डम्प्टी' हे पिनबॉलचं यंत्र आणलं आणि खेळणाऱ्याला जणू हात फुटले: विजेवर उडून गोळी टोलवणारे सहा फ्लिपर. त्याआधी गोळी सोडायची, यंत्राला थोडा धक्का द्यायचा आणि बघत राहायचं. म्हणून फ्लिपर गेला की खेळातला जीवच जातो.

जुन्या यंत्राचा एक फ्लिपर निपचित पडला, की आपण लगेच म्हणतो, त्याला हलवणारी तारेची कॉइल जळली. जाणता कारागीर आधी प्लग काढतो, काच उतरवून खेळाची फळी वर उचलतो आणि शांतपणे बघतो. बटणामागच्या पट्ट्यांची टोकं काजळली आहेत का? मग कॉइल. तिच्यात दोन वेटोळी असतात. जाड तारेचं फटका मारतं, बारीक तारेचं फ्लिपर वर धरून ठेवतं. फटका पूर्ण झाला की एक छोटा स्विच उघडतो आणि बारीक वेटोळ्यालाही कामाला लावतो. तो मळला तर फ्लिपर मरगळतो. स्विच उघडलाच नाही, तर जाड वेटोळं तापत तापत जळतं. अशा वेळी नुसती कॉइल बदलून काय उपयोग? नवीही जळणार!

पण कित्येकदा काहीच जळलेलं नसतं. रोजच्या हादऱ्यांनी एक तार डागातून सुटलेली असते. कथिलाचा एक थेंब पुरतो, आणि फ्लिपर पुन्हा उठतो.