सर्वांना चालेल असं



ॲपल पाय म्हटलं की लोणी, अंडं, दूध आलंच, असं आपण धरून चालतो. पण चौदाव्या शतकातल्या इंग्लंडमधली एक पाककृती पाहा. सफरचंदं, नाशपाती, अंजीर, मनुका, मसाले आणि रंगाला केशर. या सारणात दूध नाही, लोणी नाही, अंडंही नाही.

वरच्या आवरणाचंही लोण्यावाचून अडत नाही. पापुद्रे सुटतात ते थंड, घट्ट स्निग्धांशामुळे. मैद्यात त्याचे बारीक तुकडे राहिले, की ओव्हनच्या उष्णतेत ते वितळतात, पाण्याची वाफ होते आणि थर सुटे होतात. खाण्याचं खोबरेल तेल साधारण २४ अंशांखाली गोठतं, म्हणून ते फ्रीजमध्ये घट्ट करून वापरायचं. पाणी बर्फासारखं गार घ्यायचं आणि पीठ हलक्या हातानं गोळा करायचं. जास्त मळलं तर ते चिवट होतं. वरून सोया दुधाचा हात फिरवला की रंगही छान येतो.

हा खटाटोप कशासाठी? कुणाला दूध पचत नाही, कुणी प्राण्यांवरच्या मायेपोटी ते सोडलेलं असतं. अशा माणसापुढे आपण वेगळी बशी ठेवतो, आणि तो पंगतीत असूनही एकटा पडतो. सर्वांना चालेल असा एकच पदार्थ केला, तर कुणीच अपवाद उरत नाही.

आज घरी काही खास करणार असाल, तर आधी विचारा: हे कुणाला चालणार नाही? आणि बेत त्या माणसापासूनच सुरू करा.