घरातला सूर

मानसिक आजारातून सावरणाऱ्याला सर्वांत जास्त गरज कशाची, असे विचारले की आपल्याकडे उत्तर तयार असते: घरच्या माणसांची. लंडनच्या जॉर्ज ब्राऊन या समाजशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसह १९५८ साली प्रसिद्ध केलेली पाहणी या उत्तराला छेद देते. मनोरुग्णालयातून बाहेर पडलेल्या २२९ पुरुषांचे पुढे काय झाले, हे त्यांनी तपासले. आईवडिलांकडे किंवा बायकोकडे परतलेल्यांपेक्षा भावंडांकडे किंवा भाड्याच्या खोलीत राहायला गेलेले बरे टिकले. म्हणजे नाते जवळचे असले की ते औषधासारखे लागू पडेलच असे नाही. माझे म्हणणे त्याच्या पुढचे आहे: मनाच्या स्वास्थ्याचा हिशेब नात्यांची संख्या आणि जवळीक यांवर मांडून चालत नाही, त्या नात्यात रोज कोणत्या सुरात बोलले जाते यावर तो मांडावा लागतो.

हा सूर मोजता येतो, हे ब्राऊनच्या गटाचे खरे काम. रुग्ण समोर नसताना नातेवाइकांशी सविस्तर बोलायचे, ते ध्वनिमुद्रित करायचे आणि टीकेची वाक्ये मोजायची. मोजताना शब्दांइतकेच आवाजाकडे लक्ष द्यायचे. १९७२च्या अभ्यासात टीका, वैर किंवा अतिकाळजी जास्त असलेल्या घरांतल्या स्किझोफ्रेनियाच्या ५८ टक्के रुग्णांचा आजार नऊ महिन्यांत उलटला, इतर घरांत १६ टक्क्यांचा. या यादीतली अतिकाळजी आपल्याला खटकते, कारण तिलाच आपण माया म्हणतो. ‘गोळी घेतलीस का?’ हा प्रश्न एकदा विचारला तर काळजी. तोच आई, वडील आणि भाऊ असा तिघांनी आळीपाळीने, उत्तर खोटेच येणार अशा आवाजात विचारला, तर तिशीतल्या माणसाला तो उलटतपासणीसारखा ऐकू येतो.

यावर रास्त आक्षेप असा की आजार जितका बिकट तितके घरचे वैतागणार. सूर हे कारण नसून परिणाम असेल. काही अंशी ते खरेच आहे. पण मानसोपचारतज्ज्ञ ज्युलियन लेफ आणि सहकाऱ्यांनी १९८२ साली अशाच तापलेल्या २४ घरांवर प्रयोग केला. औषधे सगळ्यांना चालू होती. निम्म्या घरांना त्याशिवाय आजाराची माहिती, नातेवाइकांचा गट आणि घरी येऊन समुपदेशन मिळाले. नऊ महिन्यांत नुसत्या औषधांवरच्या गटातल्या निम्म्या रुग्णांचा आजार उलटला, दुसऱ्यात जेमतेम एकाचा. प्रयोग लहान होता, हे कबूल. पण पुढे इतरत्र झालेल्या प्रयोगांचा कलही तोच निघाला. सूर ही आजाराची निव्वळ सावली असती, तर तो बदलून फरक पडला नसता.

‘हे विलायतेतले झाले, आपली कुटुंबे निराळी’ हा दुसरा आक्षेप. १९८०च्या दशकात चंदीगड परिसरात हीच मोजणी झाली, तेव्हा असा तापलेला सूर सुमारे चौथाई नातेवाइकांतच आढळला. मात्र खेड्यांपेक्षा शहरात तो बराच जास्त होता, ही बाब आपली पाठ थोपटून घेताना हमखास विसरली जाते. आठवड्याला ३५ तासांहून जास्त समोरासमोर सहवास असेल तर तापलेल्या घरात धोका वाढतो, असे लंडनच्या अभ्यासांत दिसले होते. डोंबिवलीच्या वन बीएचकेमध्ये निवृत्त वडील आणि नोकरी सुटलेला मुलगा एकाच हॉलमध्ये बसून असतील, तर तेवढे तास तीन-चार दिवसांतच भरतात.

मग दोष आईबापांचा? तसे म्हणण्याची क्रूर परंपरा मानसोपचारात होऊन गेली. फ्रीडा फ्रॉम-राइखमन यांनी १९४८ साली स्किझोफ्रेनियाचे खापर आईवर फोडणारी संज्ञाच रूढ केली. ब्राऊनचे संशोधन आजार कोणामुळे झाला हे सांगतच नाही, तो पुन्हा कशाने उसळतो एवढेच सांगते. शिवाय घरच्यांची बरीचशी टीका भास-भ्रमांवर नसते. उशिरापर्यंत लोळणे, अंघोळ टाळणे, कशातच रस न घेणे यांवर ती असते, कारण ही आजाराची लक्षणे आहेत हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. त्यांना तो आळस वाटतो. थकलेल्या आईला ‘गोड बोला’ असे बजावणे म्हणूनच फोल आहे. तिला लक्षणांची ओळख करून द्यायला हवी आणि दिवसातले काही तास मोकळे मिळायला हवेत. पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनसारख्या संस्था नातेवाइकांचे स्वमदत गट चालवतात, ते याचसाठी. रुग्णाला काही तास सामावून घेणारे दिवसकेंद्र सहवासाचे तास कमी करते आणि आईला उसंतही देते. तरीही सरकारी ओपीडीत खर्चाचा विचार गोळ्यांपाशी संपतो आणि दिवसकेंद्र ही चैन ठरते.