तोच की तसाच?

शुक्रवारी संध्याकाळी ऑफिस रिकामे होते आणि एखादा उत्साही माणूस मागे राहतो. बारा संगणक, एक सर्व्हर, आणि त्या सर्व्हरवरचा एक फोल्डर, जो बाराही जणांना ‘झेड ड्राइव्ह’ म्हणून दिसतो. त्यात पायथॉन ठेवलेला असतो. प्रत्येक मशीनवर वेगळा बसवायचा, मग प्रत्येकाची आवृत्ती वेगळी निघायची, ही कटकट नको म्हणून एकदाच बसवला आणि सगळ्यांना वाटून दिला. दिवसा त्यातल्या फायली बदलता येत नाहीत, कारण कोणी ना कोणी त्या वापरत असतो आणि वापरातली फाइल विंडोज कुणाला पुसू देत नाही. संध्याकाळी ती अडचण नसते. उत्साही माणूस पायथॉनच्या ‘नमपाय’ या लायब्ररीची नवी आवृत्ती चढवतो, स्वतःची स्क्रिप्ट चालवून बघतो, ती चालते, आणि तो दिवे घालवून घरी जातो.

सोमवारी पहिला फोन अकाउंट्समधून येतो. “सर, शुक्रवारी चालत होतं हो. आम्ही कश्शाला हात लावलेला नाही.”

यात खोटे काही नसते. नमपायची 2.0 ही आवृत्ती जून 2024 मध्ये आली, तेव्हा जुन्या 1.x आवृत्तीवर कंपाइल केलेली कित्येक मॉड्यूल तिच्याबरोबर चालेनात. उत्साही माणसाच्या स्क्रिप्टला त्यांची गरज नव्हती, अकाउंट्सच्या स्क्रिप्टला होती. त्यांनी हात लावला नाही, तरी त्यांचा पायथॉन बदलला. पण मुळात ‘त्यांचा’ पायथॉन असा काही होता का? बारा जणांकडे मिळून पायथॉन होते तरी किती?

मराठी माणसाला हा प्रश्न विचारणे सोपे जाते, कारण त्याच्याकडे ‘तोच’ आणि ‘तसाच’ असे दोन शब्द तयार आहेत. इंग्रजीचे दोन्हीकडे एका ‘सेम’वर भागते. शेजारच्या काकूंनी लग्नात तशीच पैठणी नेसली तर जरा नाक मुरडले जाते. तीच नेसली असेल तर मात्र कपाट उघडून बघावे लागते. ऑफिसातल्या पायथॉनला या दोहोंपैकी कोणता शब्द लावायचा?

सर्व्हरची डिस्क पाहिली तर ‘तोच’. फाइल एक, जागा एक. पण अकाउंट्समधल्या बाईंनी आयकॉनवर डबल क्लिक केले की काय होते तेही बघावे. पायथॉन.एक्सई ही फाइल अगदी लहान, शंभरेक केबीची. खरा ऐवज शेजारच्या डीएलएलमध्ये. या फायलींतले बाइट केबलवरून बाईंच्या संगणकाकडे येतात, त्याच्या रॅममध्ये बसतात आणि त्याच्याच प्रोसेसरवर चालू लागतात. सर्व्हर फक्त कपाट उघडून देतो. त्याचा प्रोसेसर पायथॉनची एक ओळही चालवत नाही. बारा जणांनी क्लिक केले की बारा ठिकाणी बारा वेगळ्या घटना घडतात. म्हणजे चालणारा पायथॉन ‘तसाच’ आणि ठेवलेला पायथॉन ‘तोच’.

प्लेटोच्या ‘पार्मेनिडीज’ या संवादात तरुण सॉक्रेटिस याच पेचात सापडतो. एकच तत्त्व अनेक वस्तूंत एकाच वेळी कसे असू शकते, असे पार्मेनिडीज त्याला विचारतो. सॉक्रेटिस म्हणतो, जसा दिवस एकच असून सगळ्या ठिकाणी एकदम असतो, तसे. म्हातारा पार्मेनिडीज हळूच दिवसाच्या जागी शीड आणून ठेवतो. म्हणजे अनेक माणसांवर एकच शीड पसरावे, तसेच ना? मग प्रत्येकाच्या डोक्यावर शिडाचा एक तुकडाच आला की. सॉक्रेटिस निरुत्तर होतो. त्याने दिवसावर अडून राहायला हवे होते, पण पार्मेनिडीजपुढे तो पोरगाच होता.

भारतात हा वाद शतकानुशतके चालला आणि जास्त चुरशीने चालला. नैयायिकांचे म्हणणे असे की सगळ्या घटांत घटत्व नावाचे एकच, नित्य असे सामान्य असते. बौद्ध आचार्य धर्मकीर्तीने सातव्या शतकात याची यथेच्छ टिंगल केली. कुंभाराने नवा घट केला, तर त्यात घटत्व आले कुठून? जुन्या घटातून उठून आले म्हणावे, तर जुना घट घटत्वाविना राहायला हवा. आधीपासून त्या जागी होते म्हणावे, तर तिथे घटच नव्हता. ऑफिसात तेरावा संगणक येतो तेव्हा मात्र या प्रश्नाला सरळ उत्तर मिळते: झेड ड्राइव्ह जोडायचा, पायथॉन आला. आधीच्या बारांपैकी कुणाचा गेला नाही आणि तेराव्यातही काही बसवावे लागले नाही. धर्मकीर्तीला हे पटले नसते. त्याने केबलवरून जाणारे बाइट मोजायला लावले असते.

दहाव्या-अकराव्या शतकातल्या उदयनाचार्याचा एक मुद्दा इथे फार कामाचा आहे. कशाला सामान्य म्हणता येणार नाही, याच्या सहा अडचणी त्याने सांगितल्या. त्यातली पहिली अशी की ज्याची व्यक्ती एकच आहे त्याचे सामान्य होत नाही. आकाश एकच, म्हणून आकाशत्व हे सामान्य नाही. हा नियम ऑफिसला लावून बघावा. झेड ड्राइव्हवर एकच पायथॉन आहे तोवर ‘पायथॉनपण’ हा विषयच निघत नाही. जे काही आहे ते ते एकटेच. प्रत्येक मशीनवर वेगळी प्रत ठेवली की लगेच विचारावे लागते, या सगळ्या प्रती ‘3.11’ आहेत म्हणजे नेमके काय? आवृत्तीचा आकडा हे सामान्याचे नाव आहे. एका मशीनवर 3.11.2 आणि दुसऱ्यावर 3.11.9 निघाली की ज्या माणसाने कधी न्यायशास्त्र उघडले नाही तोही ‘हे एकच की वेगळे’ यावर तावातावाने वाद घालू लागतो.

वाटून घेणे खऱ्या अर्थाने घडते ते एकाच संगणकाच्या पोटात. एका मशीनवर वीस जण एकच लायब्ररी वापरत असले, तर ऑपरेटिंग सिस्टिम तिची पाने रॅममध्ये एकदाच ठेवते आणि विसांनाही तीच पाने दाखवते. प्रत्येकाला वाटते आपली स्वतंत्र आहेत. लिनक्समध्ये एका प्रोसेसमधून दुसरी जन्मते तेव्हाही पिल्लाला आईचीच पाने मिळतात. दोघांपैकी कुणी एखाद्या पानावर काही लिहायला गेले, तरच सिस्टिम घाईने त्या पानाची प्रत काढून त्याच्या हाती देते. ‘तोच’चा ‘तसाच’ होण्याचा क्षण इतका स्वच्छ तत्त्वज्ञांनाही कधी दाखवता आला नाही. वाचणाऱ्यांचे एक राहते, लिहिणाऱ्याचे वेगळे होते.

पायथॉनने इथेही घोळ घातलाच. पायथॉनमधल्या प्रत्येक वस्तूच्या अंगावर एक आकडा असतो: सध्या तिला कितीजण धरून आहेत. कुणी ती नुसती बघायला हातात घेतली तरी आकडा एकाने वाढतो, सोडली की उतरतो. म्हणजे बघणे हेच लिहिणे. सामायिक पान कुणी केवळ वाचले तरी त्याची प्रत निघते. इन्स्टाग्रामचे सर्व्हर पायथॉनवर चालतात. प्रोसेस सुरू झाल्यावर सामायिक रॅम भराभर घटते, हे तिथल्या इंजिनिअरांच्या लक्षात आले, आणि 2017 मध्ये त्यांनी पायथॉनचा कचरा गोळा करणारा भाग चक्क बंद केल्याचे जाहीर केले. कारण तो झाडूवालाही झाडताना प्रत्येक वस्तूवर खूण करत होता.

पुढे 2023 मध्ये पायथॉन 3.12 आला आणि त्यात काही वस्तू अधिकृतपणे ‘अमर’ झाल्या. हा शब्द त्यांचाच आहे, पदरचा नाही. या वस्तूंचा आकडा आता कुणी कितीही वेळा पाहिले तरी हलत नाही. अमरांच्या यादीत ‘ट्रू’ आहे, ‘फॉल्स’ आहे, लहान पूर्णांक आहेत आणि ‘नन’ आहे. ‘नन’ म्हणजे काहीही नाही. सत्य, असत्य आणि अभाव हे तिघेही अमर, बाकी बहुतेक सगळे गणतीत. नैयायिकांनी आणि बौद्धांनी ही यादी पाहून आपापल्या बाजूने टाळ्या वाजवल्या असत्या.

या वादात नैयायिकांचा आवडता पुरावा म्हणजे ओळख. काल काशीत पाहिलेला देवदत्त आज समोर आला की ‘हाच तो’ असे वाटते, म्हणून तो टिकून आहे. त्यावर बौद्ध केस आणि नखे दाखवतात: कापली, पुन्हा वाढली, तरी ‘तीच’ वाटतात. दिव्याच्या ज्योतीचेही तसेच. सोमवारच्या फोनमध्ये नैयायिक बोलत होता: शुक्रवारचाच पायथॉन, तोच आयकॉन, तोच झेड. नख मात्र मधल्या रात्री वाढले होते.

नेदरलँड्समधल्या उट्रेख्त विद्यापीठात एल्को डॉल्स्ट्राने 2006 साली पीएचडीच्या प्रबंधात ‘निक्स’ या पॅकेज-व्यवस्थेची मांडणी केली, ती जवळजवळ बौद्धांच्या बाजूची आहे. निक्समध्ये प्रत्येक पॅकेजच्या पत्त्यातच लांबलचक हॅश असतो, आणि ते ज्या ज्या गोष्टींपासून बनले त्या सगळ्यांवरून तो काढलेला असतो. एका अवलंबनात एक अक्षर बदलले तरी पत्ता बदलतो. जुने जागेवर राहते, नवे शेजारी उभे राहते. ‘तोच, पण सुधारलेला’ म्हणायची सोयच नाही. शिस्त म्हणून हे उत्तम आहे. बारा मशीनच्या ऑफिसात मात्र ते सहसा कुणी आणत नाही; तिथे अजून पायथॉनला ‘पायथॉन’ म्हणूनच हाक मारतात.

तिथे साधारणपणे मधला मार्ग निघतो. दोन तास डोकेफोड झाल्यावर उत्साही माणूस बाराही जणांच्या मशीनवर ‘व्हेन्व्ह’ करून देतो. आता ज्याच्या त्याच्या लायब्ररी वेगळ्या. अकाउंट्सचे नमपाय जुने, त्याचे स्वतःचे नवे. कुणी कुणाच्या अध्यात नाही. प्रत्येक व्हेन्व्हमध्ये एक चिमुकली सीएफजी फाइल असते, ती नोटपॅडमध्ये उघडली की चार-पाच ओळी दिसतात. त्यात ‘होम’ अशी एक ओळ असते, आणि तिच्यापुढे झेड ड्राइव्हचा पत्ता. व्हेन्व्ह मूळ पायथॉनची पूर्ण प्रत काढत नाही, तो कुठे आहे एवढे लिहून ठेवतो.

पावसाळ्यात एखाद्या दिवशी लाइट जाते, यूपीएस दमतो आणि सर्व्हर बंद पडतो. लाइट आल्यावर संगणक आपापले सुरू होतात, सर्व्हरचे बटण मात्र दाबायचे राहते. बाराही मशीनवर ज्याचा त्याचा स्वतंत्र पायथॉन एकच वाक्य छापतो, या पत्त्यावर पायथॉन नाही, आणि अकाउंट्समधून पुन्हा फोन येतो. “सर, आमचं तर वेगळं करून दिलं होतं ना?”