जबाबदारी गुत्त्यानं देता येत नाही

“सर, गॅलरीचं काम गुत्त्यानं देऊन टाकलं, आता आपल्याला टेन्शन नाही,” असं तू सगळ्यांसमोर सांगितलंस. टेन्शन नाही? चार फूट बाहेर काढलेल्या त्या गॅलरीत तुझी आई धान्य वाळत घालणार आहे, पोरं कठड्याला लोंबकळणार आहेत, आणि गल्लीतून वरात निघाली की शेजारपाजारची वीस माणसं एकदम कडेला येऊन उभी राहणार आहेत.

सोयाबीन पेरण्याआधी तू शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण तपासतोस. दुकानदार ओळखीचा असला तरी तपासतोस. मग या गुत्तेदाराची काय परीक्षा घेतलीस? दर कमी सांगितला आणि मेव्हण्याच्या ओळखीचा निघाला, एवढीच ना? चार-पाच पावसाळे खाल्लेली त्याची एक तरी गॅलरी जाऊन पाहिलीस का? ती भिंतीला मिळते तिथं वरून भेग पडली आहे का, खालून गंजाचे डाग उतरलेत का? त्या घराच्या मालकाला एकटं गाठून चार गोष्टी विचारल्यास का? नाही. फरशीचा रंग निवडायला मात्र नांदेडपर्यंत जाऊन आलास.

शाळेत तरफ शिकवली होती तुला. खोलीच्या स्लॅबला दोन्हीकडून आधार असतो, तो मध्ये खाली वाकतो, ताण खालच्या अंगाला येतो. म्हणून त्याची मुख्य सळई खाली. गॅलरी एकाच बाजूनं धरलेली. तिचं टोक खाली झुकू पाहतं, ताण वरच्या अंगाला येतो. म्हणून तिची मुख्य सळई वर. आणि ती नुसती भिंतीपर्यंत नाही, आत खोलीच्या स्लॅबमध्ये निदान दीडपट लांब गेली पाहिजे. बाहेर चार फूट, तर आत सहा फूट. आता काँक्रीटच्या दिवशी काय होतं ते ऐक. घमेली घेऊन मजूर त्याच सळयांवरून ये-जा करतात, खाली सळया उचलून धरणाऱ्या लोखंडी खुर्च्या नसल्या की सळया दबून तळाला बसतात. वर काँक्रीट पडतं, मग गिलावा, मग तुझी नांदेडची फरशी. चूक कायमची झाकली जाते. अशी गॅलरी कधीकधी सेंट्रिंग काढतानाच खाली येते, नाहीतर गर्दीच्या दिवसाची वाट बघते.

मिश्रण सरसर पसरावं म्हणून वरून पाण्याच्या बादल्या ओतणारा, आज स्लॅब टाकून आठवड्यात फळ्या दुसऱ्या साईटवर नेणारा गुत्तेदार तुला स्वस्तच पडणार. पीपीसी सिमेंटला भारतीय मानकाप्रमाणे किमान 10 दिवस पाणी मारावं लागतं, कोरड्या उन्हात 14. परभणीचं ऊन तुला मी सांगायला नको. ते पाणी कोण मारणार, हे ठरलंय का? कागदावर काहीच नाही आणि अर्धे पैसे इसार म्हणून देऊन मोकळा झालास!

आणि गॅलरीसकट हा वरचा मजला चढवतोयस कशावर? दगडमातीच्या जुन्या भिंतीवर, काळ्या मातीतल्या पायावर. ती माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीत अशाच दगडमातीच्या भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. त्या भूकंपात दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. ते लातूरकडचं, असं म्हणू नकोस. 2024 च्या मार्चमध्ये आणि पुन्हा जुलैमध्ये शेजारच्या हिंगोलीत 4.5 तीव्रतेचे धक्के बसले, तेव्हा परभणीतही माणसं घराबाहेर धावली होती.

“इंजिनिअर कशाला, मी वीस वर्षं हेच करतोय,” असं गुत्तेदार म्हणाला आणि तू मान डोलावलीस, याचा मला सगळ्यात जास्त राग आहे. आपल्याकडे चांगले मिस्त्री आहेत. ते स्वतःहून नकाशा मागतात, सळई दबलेली दिसली तर काम थांबवतात. त्यांचा दर जास्त असतो, कारण त्यांचे ठेपे लवकर निघत नाहीत.

स्लॅब परवा आहे म्हणतोस. रद्द कर. आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला ती भिंत आणि पाया दाखव, त्याच्याकडून सळईचा नकाशा सहीनिशी घे, महापालिकेची परवानगी काढ. पैसे टप्प्याटप्प्यानं, शेवटचा हप्ता ठेपे निघाल्यावर, असं लिहून घे. गुत्तेदार चिडला तर दुसरा शोध, इसार बुडाला तरी चालेल. आणि काँक्रीट पडेल त्या दिवशी सगळी कामं बाजूला ठेवून सळयांजवळ स्वतः उभा राहा.