आजीचे ऋण कसे फेडावे?



घरातील म्हातारी आजी गेली म्हणजे नवदीक्षित कुटुंबापुढे एक प्रश्न उभा राहतो. तेरवी करायची की नाही? आपण म्हणाल, दीक्षा घेतल्यावर हा प्रश्नच कशाला? पण डोळे ओले असताना प्रतिज्ञा आठवतातच असे नाही. हे मी स्वानुभवाने सांगत आहे.

गेल्या पावसाळ्यात माझी आजी वारली. तिसऱ्या दिवशी आत्या रडत म्हणाली, "बाबू, बुढीनं जलमभर आपल्याले खाऊ घातलं. तिच्या नावाचा एक घास कावळ्याले ठेवला त काय बिघडते?" मी शाळामास्तर, घराण्यातला पहिला पदवीधर. वर्गात मुलांना अंधश्रद्धेविरुद्ध शिकवतो. पण त्या वेळी माझ्या तोंडून शब्द फुटेना. खरे सांगतो, घास ठेवावा असे क्षणभर मलाही वाटले.

कोण होती ही आजी? १६ ऑक्टोबर १९५६ रोजी परमपूज्य बाबासाहेबांनी चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला, धम्मदीक्षा दिली. तेव्हा आजी सोळा वर्षांची, नुकतीच लग्न होऊन आलेली. सासूबरोबर जंगलातल्या वाटेने पायी ती चांद्याला गेली. परत आल्यावर सासू-सुनेने घरातले टाक आणि शेंदूर फासलेले गोटे नदीत सोडले. आमच्या घरात धम्म आला तो या दोन बायांच्या पायांनी.

पुढे आयुष्यभर तिने कष्ट उपसले. उन्हाळ्यात पहाटे उठून मोहफुले वेचावी, तेंदूपानाच्या हंगामात पुडके बांधावे, पावसाळ्यात दुसऱ्याच्या बांधीत रोवणी करावी. त्या पैशातून आधी माझ्या वडिलांची पाटी आली, मग माझी कॉलेजची फी. तिला अक्षरओळख नव्हती; पण तिच्या पुडक्यात ७० पाने म्हणजे ७०च. एक कमी बांधले तर कोणाला कळणार आहे, असे कोणी म्हटले की ती म्हणे, "मले त कळते ना!" चोरी न करण्याचे दुसरे शील मी पुस्तकात वाचण्याआधी तिच्या बोटांत पाहिले.

बंधूंनो, अशा बाईचे ऋण कावळ्याला घातलेल्या घासाने फिटेल काय?

सिद्धार्थाच्या जन्मानंतर सातव्या दिवशी महामाया वारली. त्याला वाढविले ते मावशी महाप्रजापती गौतमीने. दक्खिणाविभंग सुत्तात प्रसंग आहे. गौतमी स्वतःच्या हातांनी कातून-विणून तयार केलेले वस्त्र घेऊन तथागतांकडे आली. तथागतांनी ते संघाला द्यावयास सांगितले. आनंदाने तिच्या उपकारांची आठवण करून दिली. तेव्हा तथागतांनी जे सांगितले त्याचा आशय असा : ज्याच्यामुळे मनुष्य बुद्ध, धम्म, संघ यांना शरण जातो आणि शील पाळू लागतो, त्याचे ऋण नमस्कारांनी किंवा अन्नवस्त्रांनी सहजासहजी फिटत नाही.

बाबासाहेबांचे बालपण आठवा. आई भीमाबाई लहानपणीच गेल्या. तेव्हा रामजी सुभेदारांची बहीण मीराबाई, शरीराने अधू असूनही, त्या मुलांना सांभाळायला उभी राहिली. मावशी काय, आत्या काय, आजी काय, घराघरांतून अशाच बायांनी माणसे घडविली आहेत.

बावीस प्रतिज्ञांतील सहावी प्रतिज्ञा श्राद्ध व पिंडदान न करण्याची आहे. याचा अर्थ मेलेल्यांना विसरा असा नव्हे. आईवडिलांच्या पश्चात त्यांच्या नावे दान करावे, हे मुलाचे कर्तव्य तथागतांनी सिगाल नावाच्या तरुणाला सांगितलेच आहे.

म्हणून मी आत्यावर रागावलो नाही. तिला जवळ बसवून विचारले, "आत्या, आजी आपल्या ताटातला घास कोणाले देत होती?" ती म्हणाली, "दाराशी आलेल्या लेकराईले." मी म्हटले, "मग तो घास तिकडेच जाऊ दे."

पुण्यानुमोदनाच्या दिवशी आम्ही त्रिशरण-पंचशील घेतले. प्रत्येकाने आजीची एकेक आठवण सांगितली. तेरवीच्या पंगतीला जे पैसे लागले असते, त्यांच्या वह्या आणून गावातल्या मुलांना वाटल्या. पहिली वही आत्याने आपल्या हाताने दिली. देताना ती रडली, आणि त्या रडण्यात भीती नव्हती.

वाचकहो, १९५६ साली दीक्षा घेतलेल्या बाया आता फार थोड्या उरल्या आहेत. आपल्या घरी, शेजारी अशी कोणी असेल तर आजच तिच्याजवळ बसा. दीक्षेला कशी गेलीस, सोबत कोण होते, गावाने काय म्हटले, हे विचारा आणि लिहून ठेवा. ज्यांची आजी गेली, त्यांनी तिचा एक गुण निवडून तो स्वतः पाळावा. माझ्यापुरते मी ठरविले आहे, माझ्या पुडक्यात ७० पाने असतील. कोणी मोजो वा न मोजो.

जयभीम! नमो बुद्धाय!