बियाला राखलेली काकडी

सोलापुरातील आमच्या घरामागे जेमतेम दोन खाटा मावतील एवढी मोकळी जागा आहे. तिच्यात आम्ही दरवर्षी थोडी मेथी, कोथिंबीर, शेपू, वांग्याची चार झाडे, मिरचीची दोन आणि भिंतीच्या आधाराने एक दोडक्याचा व एक काकडीचा वेल असा लहानसा प्रपंच मांडतो. गेल्या पावसाळ्यात काकडीच्या वेलाला पहिली फळे धरली, तेव्हा त्यांतील सर्वांत सरळ, भरदार आणि डाग नसलेली काकडी पाहून आमच्या मातोश्रींनी तिच्या देठाशी लाल चिंधी बांधली. चिंधीचा अर्थ घरात सर्वांना ठाऊक आहे. ही तोडायची नाही. ही बियाला राखली आहे.

त्याच आठवड्यात घरी पाहुणे आले. त्यांच्या सात वर्षांच्या मुलीने ती काकडी पाहिली आणि विचारले, "आजी, सगळ्यांत छान काकडी तुम्ही पिवळी होऊन वाया का घालवता? ती खाली वाकडी आहे ना, ती ठेवा बियाला."

मातोश्री म्हणाल्या, "वाकडी ठेवली, तर पुढच्या वर्षी तू आलीस की तुला वाकडीच देईन हो बाळा."

मुलगी हसली आणि खेळायला गेली. तिचा प्रश्न मात्र आमच्यापाशी राहिला. उत्तम ते आपण खावे आणि उरलेसुरले उद्यासाठी ठेवावे, ही रीत केवळ लहान मुलांची आहे काय? आणि जे फळ आमच्याच मातीत, आम्हीच घातलेल्या पाण्यावर वाढले, ते न खाता राखून ठेवावे असे आमच्यावर बंधन तरी कुणाचे?

०

घरच्या बागेत बी धरणे हे काही अवघड शास्त्र नाही. पण त्याला धीर लागतो. भेंडी खायची असेल तर ती कोवळी तोडावी लागते. बियाला हवी असेल तर झाडावरच वाळून तडकेपर्यंत थांबावे लागते. दोडका वेलीवर इतका वाळू द्यावा की हलवल्यावर आत बी खुळखुळले पाहिजे. वांगे पिवळे पडून मऊ होईपर्यंत राखावे. टोमॅटोचे बी गरासकट दोन-तीन दिवस पाण्यात आंबत ठेवले की बियांभोवतीचे बुळबुळीत आवरण सुटते. मग ते धुऊन सावलीत वाळवायचे. जुन्या बाया भोपळ्याचे बी शेणात थापून भिंतीला लावीत, कडधान्याला राख चोळीत. यांतील बहुतेक कृतींत एक गोष्ट समान आहे. जे बियाला राखले, ते खाण्याच्या कामातून गेले. एकाच फळाकडून ताटातला घासही घ्यावा आणि पुढचे पीकही घ्यावे, ही सोय भाजीच्या बाबतीत बहुधा नसते.

आमच्या गावी या राखण्याला आणखी एक बाजू आहे. वसईच्या वाडीत, विहिरीच्या काठी वाढलेल्या वाचकांना कदाचित नवल वाटेल. पण सोलापूरकरांनी वर्षानुवर्षे तीन-चार दिवसांआड येणाऱ्या नळाची वाट पाहिली आहे. भांडी विसळलेले, तांदूळ धुतलेले पाणी बादलीत साठवून ते झाडांना घालायचे, ही येथल्या घरांची जुनी सवय. अशा पाण्यावर पोसलेली पहिली काकडी जेव्हा आपण तोडत नाही, तेव्हा त्या न तोडण्याला काही किंमत असते.

०

आम्हीही एकदा हा त्रास वाचवू पाहिला. बाजारातून आणलेल्या पुडीतील टोमॅटोची रोपे सुरेख आली. फळे एकसारखी, लालबुंद, जाड सालीची. आम्ही हर्षाने त्यांचेच बी धरले. पुढच्या वर्षी एका झाडाला मोठी फळे, दुसऱ्याला बोराएवढी, तिसऱ्याला आंबटढाण. दोष कुणाचाच नव्हता. बी संकरित होते, आणि संकरित बियांचा हा गुण ज्याने जगाला उलगडून दाखवला तो आपल्याच ख्रिस्तसभेचा एक संन्यासी होता.

ग्रेगोर मेंडेल हे ब्रनो येथील ऑगस्टिनियन मठातील धर्मगुरू. १८५६ पासून सुमारे आठ वर्षे त्यांनी मठाच्या बागेत वाटाण्याची हजारो रोपे लावली, फुलांचे पराग हातांनी एकावरून दुसऱ्यावर नेले आणि शेंगांतील दाणे मोजले. गोल दाण्याच्या व सुरकुतलेल्या दाण्याच्या वाणांचा संकर केला, तर पहिल्या पिढीत सारे दाणे गोल निघाले. पण त्यांच्याच पोटी पुढच्या पिढीत तीन गोल आणि एक सुरकुतलेला अशा प्रमाणात दाणे आले. दडलेला गुण नाहीसा झाला नव्हता, तो वाट पाहत होता. १८६६ साली हा निबंध छापला गेला. मेंडेल १८८४ मध्ये वारले, आणि त्यांच्या कामाचे मोल जगाला १९०० साली कळले. पेरणाऱ्याने कापणी पाहिली नाही.

संकरित बियाण्याने कोट्यवधी लोकांच्या पोटात अन्न घातले, हे आम्ही विसरत नाही. पुडी विकत आणणे हे पाप नव्हे. मात्र संकरित पुडी दरवर्षी नव्याने आणावी लागते, आणि दरवर्षी नवी पुडी आणणाऱ्या घराला चिंधी बांधण्याचे कारण उरत नाही. पैसे दिले, बी आले, भाजी खाल्ली, हिशेब संपला. आपल्या आधी कुणीतरी आपल्यासाठी काही न खाता राखले होते, याची आठवण मग कुठून यावी?

आमच्या जिल्ह्याची मालदांडी ज्वारी घ्या. मालदांडी ३५-१ हा वाण मोहोळ येथील केंद्रात १९३० च्या दशकात स्थानिक मालदांडीतून निवडून काढला गेला, आणि आजही रब्बीत तो पेरला जातो. निवड म्हणजे तरी काय? शेकडो कणसांतून उत्तम ते पारखून, ते जात्यात न घालता बाजूला ठेवणे. त्या निवडीपूर्वीही कित्येक पिढ्या शेतकऱ्यांच्या घरांनी हेच केले होते. आपण सोलापूरकर ज्या कडक भाकरीची वाखाणणी करतो, तिच्यामागे अशा असंख्य निनावी माणसांचा संयम आहे.

०

येथे एक कठीण प्रश्न उभा राहतो, आणि तो टाळणे योग्य नाही. घरात मूल उपाशी असेल तर बियाला राखलेले खावे की नाही?

१९४१ ते १९४४ या काळात लेनिनग्राड शहराला जर्मन सैन्याचा वेढा पडला होता. निकोलाय व्हाविलॉव्ह या शास्त्रज्ञाने जगभर फिरून जमवलेल्या बियाण्यांचा अमोल साठा तेथील संस्थेत होता. व्हाविलॉव्ह स्वतः तेव्हा स्टालिनच्या तुरुंगात होते. १९४३ साली ते तेथेच वारले. शहरात लाखो माणसे उपासमारीने मरत असता संस्थेतील सेवकांनी ते बियाणे राखले. त्यांच्यापैकी अनेक जण भुकेने मेले. भाताचे जाणकार दिमित्री इव्हानोव्ह मेले तेव्हा त्यांच्या भोवती तांदळाच्या वाणांच्या हजारो पुड्या होत्या.

हे वाचून मस्तक नमते. परंतु असे मरण स्वतः पत्करता येते, दुसऱ्यावर लादता येत नाही. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेल्या आणि रेशनवरची परदेशी लाल मिलो खाऊन दिवस काढलेल्या आपल्या आईबापांपैकी कुणी बियाण्याची ज्वारी मुलांना रांधून घातली असेल, तर त्यांना दोष देण्याचा अधिकार आम्हांला नाही. शब्बाथ दिवशी भुकेल्या शिष्यांनी कणसे मोडली, तेव्हा प्रभू येशूने त्यांची बाजू घेतली आणि दाविदाने खाल्लेल्या समर्पित भाकरींची आठवण करून दिली. भुकेल्याने बी खाणे हा अपराध नव्हे.

मग हा नियम कुणासाठी आहे? तो पोट भरलेल्यांसाठी, म्हणजे आमच्यासाठी आहे. उपाशी माणूस निरुपायाने बी खातो. आम्ही मात्र केवळ थांबवत नाही म्हणून खातो. उत्पत्तीच्या पुस्तकात हाबेलाने आपल्या कळपातील पहिली, पुष्ट कोकरे अर्पिली; काइनाने भूमीच्या उत्पन्नातून काही आणले, एवढेच शास्त्र सांगते. काइनाचे पीक वाईट होते असे तेथे म्हटलेले नाही. पण ते पहिले आणि उत्तम होते असेही म्हटलेले नाही. आपल्या उत्पन्नातील, वेळेतील, मनःशक्तीतील कोणता वाटा आपण पुढच्यांसाठी बाजूला ठेवतो? चिंधी कोणत्या फळाला बांधतो?

०

राखलेले बी कुणाचे, हा दुसरा प्रश्न. त्याचे उत्तर आम्ही एका नुकसानीतून शिकलो.

मातोश्रींनी माहेराहून आणलेल्या दोडक्याचे बी आमच्या घरात तीस-पस्तीस वर्षे चालत आले होते. एका वर्षी घरात मोठे आजारपण निघाले, पेरणी राहिली. पुढच्या वर्षी बरणी उघडली तो ओल लागून बियांना बुरशी आलेली. मातोश्री दिवसभर बोलल्या नाहीत. संध्याकाळी ही गोष्ट भिंतीपलीकडच्या अक्कांच्या कानांवर गेली. अक्का पद्मशाली कुटुंबातल्या. त्यांची आधीची पिढी तेलंगणातून हातमागावर काम करण्यासाठी येथे आली. त्या आत गेल्या आणि कागदाची एक पुडी घेऊन आल्या. म्हणाल्या, "आई, तुमचंच आहे. पाच वर्षांमागं तुम्हीच दिलं होतं."

जे आम्ही जपून ठेवले ते गेले होते, आणि जे देऊन टाकले ते राहिले होते. बियांचा स्वभावच तसा आहे. कांद्याचे बी वर्ष उलटले की उगवण्याची खात्री राहत नाही. बहुतेक बियांना असा काही ना काही काळ नेमून दिलेला आहे. पेरले नाही किंवा दिले नाही, तर ते मरते. शिवाय आमच्या काकडीच्या फुलावर बसणारी मधमाशी अक्कांच्या वेलावरूनही पराग आणते. तेव्हा आमच्या बियांत आमचे किती आणि त्यांचे किती, हे कोण सांगणार? ज्या आंबट पालेभाजीला आम्ही अंबाडी म्हणतो, तिला अक्का गोंगुरा म्हणतात, आणि आमच्या गल्लीतली कानडी कुटुंबे पुंडी म्हणतात. बी एकच, नावे तीन.

आपल्या देशाच्या २००१ च्या वाण संरक्षण कायद्यानेही शेतकऱ्याचा बी राखण्याचा, पेरण्याचा, अदलाबदलीचा आणि वाटण्याचा हक्क मान्य केला आहे. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी शाळेचे तोंड न पाहता अनेक गावरान वाणांचे बी जमवले आणि वाटले. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. पृथ्वी ही सर्वांची सामाईक ठेव आहे, हे पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रात सांगितले. आमच्याच जिल्ह्यातील अरण गावच्या संत सावता माळ्यांनी तेराव्या शतकात मळ्यातल्या भाजीपाल्यातच आपला विठ्ठल पाहिला. ज्याला भाजीत देव दिसला, तो ती केवळ आपली कशी म्हणेल?

प्रभूने सांगितलेल्या दाखल्यातील शेतकरी बी टाकतो, रात्री निजतो, सकाळी उठतो. बी कसे वाढते ते त्याला कळत नाही. आम्ही पाणी घालतो, चिंधी बांधतो, थांबतो. वाढ आमची नव्हे. मग फळ तरी संपूर्ण आमचे कसे?

८ सप्टेंबर रोजी आपण पवित्र मरियेचा जन्मदिन साजरा करतो. मंगळूरकडे त्या दिवशी नव्या भाताच्या लोंब्यांना आशीर्वाद दिला जातो; ख्रिस्तसभेच्या जुन्या विधिग्रंथात तर या सणाला बियाण्यावर म्हणायची प्रार्थनाही आहे. आमच्याकडे तेच दिवस रब्बीच्या तयारीचे. त्या दिवशी प्रत्येक कुटुंबाने घरच्या उत्तम फळाच्या बियांची एक पुडी वेदीपाशी आणावी आणि जाताना दुसऱ्याची घेऊन जावी, असे आपल्या धर्मग्रामात का होऊ नये? ज्यांच्याकडे अंगण नाही त्यांना एका कुंडीत मेथीचे चार दाणे पेरता येतील, आणि कोथिंबिरीसाठी धने रगडून टाकता येतील.

चिंधीची ती काकडी पुढे पिवळी झाली, मग तांबूस, आणि अखेरीस हाताला जड लागेनाशी झाली. मातोश्रींनी ती चिरून बी काढले, धुतले, सुपात सावलीला वाळवले आणि त्याच्या तीन पुड्या केल्या. एक आमची, एक अक्कांची. तिसऱ्या पुडीवर त्यांनी त्या पाहुण्या मुलीचे नाव लिहून घेतले.