वेशींत बसलेले दहा वडील

शास्त्रपाठ : रूथ, अध्याय ३ व ४.



रूथचें पुस्तक आपण सुगीच्या उपकारस्तुतीच्या वेळीं वाचतों आणि बहुधा दुसऱ्या अध्यायावरच थांबतों. जवाचें शेत, सरवा वेचणारी तरुण विधवा, मनाचा उदार धनी, हें चित्र खेड्यांतल्या मनुष्यास चटकन् ओळखूं येतें. परंतु रूथचा प्रश्न शेतांत सुटला नाहीं. तो वेशींत सुटला. त्या काळीं गांवची वेस म्हणजे चावडी, कचेरी व न्यायसभा हीं तिन्ही एके ठिकाणीं. बवाज तेथें जाऊन बसला. जवळचा नातलग वाटेनें जातांना दिसला त्यास त्यानें हाक मारून बसवून घेतलें. गांवचे दहा वडील बोलाविले. आणि एकाच बैठकींत त्या परक्या बाईचें सर्व प्रकरण निकालांत काढिलें. नामीस त्याचा स्वभाव ठाऊक होता. हातीं घेतलेलें काम हा गृहस्थ उद्यांवर टाकणार नाहीं, अशी तिची खात्री होती, म्हणून तिनें सुनेस घरीं स्वस्थ बसावयास सांगितलें. अर्ज केलेल्या मनुष्यास स्वस्थ बसतां यावें, ही किती मोठी गोष्ट आहे तें ज्यानें कचेरीच्या पायऱ्या झिजविल्या आहेत त्यास विचारावें.

रूथ मवाबी होती. मवाबी लोकांविषयीं नियमशास्त्राचा निर्बंध किती कडक आहे तें अनुवादाच्या २३ व्या अध्यायांत पाहावें. बवाजास तो ठाऊक नव्हता असें नाहीं. त्यानें नियम झुगारून दिला नाहीं, लपवाछपवी केली नाहीं, कोणाच्या हातावर कांहीं ठेविलें नाहीं. विधवेसाठीं व मृताच्या वतनासाठीं त्याच नियमशास्त्रांत जी वाट ठेविली होती ती त्यानें शोधून काढिली, आणि दहा साक्षीदारांसमक्ष त्या वाटेनें तो रूथला आंत घेऊन आला.

त्या दुसऱ्या नातलगाकडेहि पाहा. शेत सोडवून घेण्यास तो एका पायावर तयार होता. शेताबरोबर मवाबी बाईहि पत्करावी लागेल असें ऐकतांच आपलें वतन बिघडेल म्हणून तो मागें सरला व त्यानें पायांतला जोडा काढून दिला. वतनाची एवढी काळजी करणाऱ्या त्या मनुष्याचें नांव शास्त्रांत कोठें लिहिलेलें नाहीं. रूथचें नांव मात्र मत्तयाच्या पहिल्या अध्यायांत, आपल्या प्रभूच्या वंशावळींत आहे. शेत पाहिजे पण बाई नको, मजुरी पाहिजे पण मजूर नको, असें म्हणणारे लोक आजहि पुष्कळ आहेत, आणि ते सर्व मंडळीबाहेरचेच असतात असें समजूं नये.

ठाणें जिल्ह्यांतील वाचकांस असली वेस फार दूर शोधावयास नको. दुसऱ्या महायुद्धांत कल्याणजवळ लष्कराचा मोठा तळ होता. युद्ध संपलें आणि बराकी ओस पडल्या. १९४७ सालीं देशाची फाळणी झाली, तेव्हां सिंधांतून घरदार टाकून आलेल्या कुटुंबांस सरकारनें त्या बराकींत ठेविलें. पाहतां पाहतां ही संख्या लाखाच्या घरांत गेली. पांच कँप झाले. आडपडदे लावून एकेका बराकींत अनेक बिऱ्हाडें राहूं लागलीं. ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनीं तेथें नव्या नगराचा पाया घातला, व उल्हास नदीवरून त्याचें नांव उल्हासनगर असें ठेविलें. नगराचें नांव पालटलें, तरी माणसांस चिकटलेलें 'निर्वासित' हें नांव लवकर सुटलें नाहीं. येथेंच जन्मलेल्या मुलांसहि तें ऐकावें लागलें. ज्यांच्या आजोबांना गांवच्या विहिरीवरून हाकलून दिलें होतें, अशा आपण ख्रिस्ती लोकांस हें समजावून सांगण्याची गरज पडूं नये.

या लोकांचें नागरिकत्व कसें ठरलें? डॉ. बाबासाहेब आंबेडकर ज्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते तिनें सिद्ध केलेल्या राज्यघटनेंत ६ वें कलम आहे. स्वतः, आईबाप किंवा आजाआजी यांपैकीं कोणी अखंड हिंदुस्थानांत जन्मलेलें असून जे १९ जुलै १९४८ पूर्वीं आले व येथेंच राहिले, ते नागरिक ठरले. त्या दिवशीं किंवा त्यानंतर जे आले त्यांनीं नेमलेल्या अधिकाऱ्याकडे अर्ज करून नांव नोंदवावें. अर्जापूर्वीं येथें सहा महिने वास्तव्य झालेलें असलें म्हणजे पुरे. जळत्या घरांतून निघालेल्या मनुष्यापाशीं कागद किती असणार, हें जाणून केलेला तो नियम होता. बवाजाचें काम घटना लिहिणाऱ्यांनीं केलें, असें म्हणण्यास मला संकोच वाटत नाहीं.

पुढें पाकिस्तानांतून व्हिसावर आप्तांकडे येऊन राहिलेल्या कुटुंबांची वाट मात्र लांबली. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याप्रमाणें अर्ज, त्यावर पोलिसांची चौकशी, मग मुंबईचें मंत्रालय, मग दिल्लीचें गृहखातें. एखादा कागद परत आला म्हणजे पुन्हां पहिल्यापासून आरंभ. अशा स्थितींत मनुष्य येथें राहतो, येथें कष्ट करितो, त्याचीं मुलें येथील शाळेंत शिकतात, आणि तरी दर मुदतीला आपला व्हिसा वाढेल कीं नाहीं या धास्तींत त्याची रात्र जाते.

प्रेषितांचीं कृत्यें, अध्याय २२, यांत पौलाला बांधणारा रोमी सरदार आपणहून सांगतो कीं, हें नागरिकत्व मिळविण्यास त्याला भलीमोठी रक्कम ओतावी लागली. पौलास तें जन्मतःच मिळालें होतें. आपल्या मंडळ्यांतील बहुतेक माणसें या बाबतींत पौलासारखीं आहेत. जें मिळालें त्यासाठीं त्यांनीं एक आणाहि वेंचलेला नाहीं. पौलानें आपला हक्क फटक्यांपासून वांचण्यासाठीं सांगितला. विकत घेणाऱ्या सरदारास हिणविण्यासाठीं तो त्यानें वापरला नाहीं. (विकत घेणाऱ्यापेक्षां विकणाऱ्याचा दोष मोठा, हें ओघानें आलेंच. दलाल रोमांत होते, तसे आजहि आहेत.)

सुधारणा झालीच नाहीं असें म्हणणें कृतघ्नपणाचें होईल. २०१६ सालीं, शेजारच्या तीन देशांतून येऊन दीर्घ मुदतीच्या व्हिसावर राहिलेल्या अल्पसंख्य लोकांसाठीं नोंदणीची फी, जी ३,००० पासून १५,००० रुपयांपर्यंत होती, ती १०० रुपयांवर आणली गेली. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत सोळा जिल्ह्यांच्या कलेक्टरांस या लोकांच्या अर्जांचा निकाल देण्याचा अधिकार मिळाला. महाराष्ट्रांतील मुंबई, पुणें, नागपूर व ठाणें हे चार त्यांत होते. दिल्लीच्या वाटेवर पडून राहणारा कागद ठाण्यास निकालांत निघूं लागला. वेस घराजवळ आली. प्रथम दोन वर्षांपुरता दिलेला हा अधिकार २०१८ सालीं वाढविण्यांत आला.

२०१९ सालीं कायद्यांत बदल होऊन पाकिस्तान, बांगलादेश व अफगाणिस्तान येथून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या सहा धर्मांच्या लोकांसाठीं निराळी वाट झाली, आणि तिचे नियम ११ मार्च २०२४ रोजीं प्रसिद्ध झाले. त्या सहांत ख्रिस्ती हें नांव आहे. मुसलमान हें नांव नाहीं. यावरून देशांत मोठा वाद झाला व तो न्यायालयापर्यंत गेला. ज्या यादींत आपलें नांव आहे ती वाचून समाधान मानणें सोपें आहे. परंतु लेवीयाच्या १९ व्या अध्यायांत देव इस्राएलास परक्याशीं प्रीतीनें वागण्याची आज्ञा करितो, तेव्हां कारण म्हणून मिसर देशांतील त्यांच्या स्वतःच्या परकेपणाची आठवण देतो; त्या परक्याचा देव कोणता याची चौकशी तेथें सांगितलेली नाहीं. कायदा कोणता असावा हें ठरविण्याचें स्थान संसद व न्यायालय आहे. आपल्या दाराशीं आलेल्या मनुष्याशीं कसें बोलावें, हें मात्र संसद ठरवीत नाहीं.

आणि केवळ बोलीवरून मनुष्य पारखण्याचा परिणाम काय होतो तेंहि पाहावें. २०२५ च्या जून महिन्यांत मुंबई व ठाणें भागांत पोटासाठीं आलेल्या पश्चिम बंगालच्या कांहीं मजुरांस परदेशी समजून सीमेपलीकडे बांगलादेशांत ढकलण्यांत आलें. मग ते भारताचेच नागरिक आहेत असें दिसून आलें व त्यांस परत आणण्यांत आलें. शिब्बोलेथ हा शब्द नीट उच्चारतां न आल्यामुळें यार्देनेच्या उताराशीं जे मारले गेले त्यांची गोष्ट शास्ते या पुस्तकाच्या १२ व्या अध्यायांत आहे. तीहि एकाच राष्ट्राच्या भाऊबंदांची गोष्ट आहे.

आतां आपलीं मराठी माणसें दुसऱ्याच्या वेशीशीं उभीं राहिलीं तेव्हां काय झालें? ठाणें शहरांत बेने इस्राएल लोकांचें शार हाशमाईम हें सभास्थान १८७९ सालापासून आहे. कोंकणांत तेल गाळणारे व शब्बाथास घाणा बंद ठेवणारे म्हणून या लोकांस शनिवार तेली म्हणत. १९४८ सालीं इस्राएल राष्ट्र उभें राहिल्यावर यांतील हजारों लोक मोठ्या आशेनें तिकडे गेले. नागरिकत्व त्यांस मिळालें. पण लग्न नोंदविण्यास गेले, तेव्हां रब्बींनीं शंका काढिली कीं, तुमच्या आज्या-पणज्या खरोखर यहूदी होत्या कशावरून? पिढ्या तपासण्याचा आदेश निघाला. ज्या देशासाठीं पूर्वजांनीं कोंकणांत शेंकडों वर्षें प्रार्थना केली, त्याच देशांत मुलीच्या लग्नासाठीं आजीचा पुरावा मागितला जावा, याचें दुःख आपण कल्पनेनेंच जाणावें. १९६४ सालीं त्यांनीं यरुशलेमांत धरणें धरिलें, तेथील संसदेनें त्यांची बाजू घेतली, आणि आदेशांतून त्यांचें नांव काढावें लागलें. केवळ कागद हातीं आला म्हणजे मनुष्य आंत आला असें होत नाहीं, हें या मराठी बोलणाऱ्या लोकांनीं अनुभवलें.

आतां उपदेशकांसाठीं व वडिलांसाठीं दोन शब्द. कायदा पालटणें तुमच्या हातीं नाहीं, परंतु वेशींत बसणें तुमच्या हातीं आहे. नगर, जालना इकडील आपले कित्येक तरुण कल्याण-डोंबिवलीस कामास गेले आहेत, आणि त्यांच्याच चाळींत सिंधी, बंगाली, नेपाळी कुटुंबें राहतात. अशा शेजाऱ्याचा अर्ज वाचून दाखवावा, भरून द्यावा, व त्याबद्दल चहासुद्धां घेऊं नये. नांव सर्व कागदांवर एकाच रीतीनें लिहिलें आहे कीं नाहीं तें पाहावें. एका अक्षरासाठीं वर्ष जातें. प्रत्येक पावती जपून ठेवावयास सांगावें. आणि तुमच्यापैकीं कोणी कचेरींत कारकून असेल, तर जे पांच कागद उणे असतील ते पांचहि पहिल्याच दिवशीं सांगावे. एक आज, दुसरा पुढल्या महिन्यांत, असें करणाऱ्या कारकुनाच्या हातून पाप घडत आहे, मग तो दर रविवारीं मंडळींत पहिल्या बांकावर कां बसेना.

दुसरें, मंडळीच्या नोंदवह्यांविषयीं. बाप्तिस्म्याच्या वहींत मुलाचा जन्मदिवस, आईबापांचीं नांवें व गांव असतें, आणि विवाहाची नोंद ठेवणें १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्यानें पाळकावर बंधनकारक आहे. गरिबापाशीं दुसरा कागद नसतो तेव्हां या वहींतील एक ओळ त्याच्या उपयोगी पडते. उतारा मागावयास आलेल्यास, मग तो गांव सोडून कितीहि वर्षें झालेलीं असोत, पाळक घरीं नाहींत म्हणून परत पाठवूं नये. वाळवीनें खाल्लेल्या वह्यांची नक्कल पावसाळ्यापूर्वीं करून घ्यावी. अक्षर चांगलें असलेली एखादी शाळेंतील मुलगी हें काम चार रविवारांत पुरें करील, आणि शेवटीं पाळकांनीं व दोन वडिलांनीं प्रत्येक पान मूळ वहीशीं ताडून पाहून त्यावर सही करावी.